मित्रांसोबत किनाऱ्यावरचा निवांत दिवस : आखायचा की सोडून द्यायचा?

लाटांकित
आमची कॉलेजपासूनची सहा जणांची टोळी पुढच्या महिन्यात एका उष्णकटिबंधातल्या बेटावर भेटतेय. (कुठलं बेट ते मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की पहिल्या दहा प्रतिसादांत विमानाच्या तिकिटांचे भाव येतील आणि धागा तिथेच बुडेल.) त्यातला एक अख्खा दिवस मोकळा आहे. सकाळी बाहेर पडायचं, रिसॉर्टच्या आजूबाजूचा किनारा, खडक, खारफुटी, जे दिसेल ते बघायचं आणि अंधार पडला की परत.

आमच्यातल्या एकाने त्या मोकळ्या दिवसाची एक्सेल शीट पाठवली आहे. सहा ते साडेसहा सूर्योदय, साडेसहा ते सात 'वाळूत चालणे', सव्वाचार ते पावणेपाच 'शांत बसणे'. शांत बसण्यासमोर जबाबदार व्यक्ती म्हणून माझं नाव आहे.

माझं म्हणणं, असा दिवस आखला की त्यातला निवांतपणा गेला. झोपून राहावंसं वाटलं तर झोपावं, चालावंसं वाटलं तर चालावं. तुम्ही लोक काय करता? आणि किनाऱ्यावर दिवसभर करण्यासारखं नेमकं असतं तरी काय?

सुस्तमगर
'शांत बसणे' माझ्याकडे द्या. मुदतीआधी पूर्ण करून देईन.

खारेवारे
लाटांकित, असहमत. सहा मित्र आणि आखणी शून्य, म्हणजे काय होतं सांगू? "काय करूया?" "काहीही." "तुम्ही ठरवा." "मला काहीही चालेल." हे अकरापर्यंत चालतं, मग एकाला भूक लागते, एकाचा गॉगल सापडत नाही आणि बाकीचे लॉबीतल्या सोफ्यावर फोन बघत बसतात. याला निवांतपणा म्हणत नाहीत, खोळंबा म्हणतात.

शीट फाडून टाका, पण एक गोष्ट आधी ठरवा : गट फुटला तरी चालेल. सहाच्या सहा जण सतत एकत्र असलेच पाहिजेत हा हट्ट सगळ्या सहलींचा कर्दनकाळ आहे. दोघं पाण्यात, दोघं चालायला, दोघं सावलीत. जेवायला आणि सूर्यास्ताला भेटा.

चिंचोका
खारेवारे यांना अनुमोदन. गॉगल शोधणारा प्रत्येक गटात असतो आणि तो गॉगल प्रत्येक वेळी त्याच्या डोक्यावरच असतो.

दर्यावर्दी_निवृत्त
शीट आणि मत दोन्ही क्षणभर बाजूला ठेवा. समुद्राकडे त्याचं वेळापत्रक आधीच तयार असतं, ते फक्त वाचायचं.

पहिली गोष्ट भरती-ओहोटी. बहुतेक किनाऱ्यांवर साधारण २४ तास ५० मिनिटांत दोन भरत्या आणि दोन ओहोट्या होतात, म्हणून वेळ रोज पन्नासेक मिनिटांनी पुढे सरकते. त्या दिवशीची वेळ रिसॉर्टच्या फळ्यावर नसली तर नावाड्याला विचारा. ओहोटीला खडकांमधली डबकी उघडी पडतात, वाळूचे दांडे वर येतात, एरवी जिथे जाता येत नाही तिथे चालत जाता येतं. भरतीला पोहायला खोली मिळते आणि प्रवाळावर गुडघे खरचटत नाहीत.

दुसरी गोष्ट वारा. सकाळी समुद्र बहुधा काचेसारखा असतो. जमीन तापली की तिच्यावरची हवा वर जाते, जागा भरायला समुद्रावरून वारा येतो आणि दुपारनंतर पाणी गढूळ, खवळलेलं होतं. मास्क लावून मासे बघायचे असतील तर सकाळ. दुपारी त्याच जागी अर्धंही दिसणार नाही. (खारेवारे ताई, हे तुमच्याच नावाचे वारे.)

तिसरी गोष्ट सूर्यास्त. विषुववृत्ताजवळ सूर्य जवळजवळ उभा बुडतो, त्यामुळे संधिप्रकाश लांबत नाही. वीस-पंचवीस मिनिटांत काळोख. लांब चालत गेला असाल तर परतीचा रस्ता उजेडातच धरा किंवा टॉर्च ठेवा.

एवढ्या तीन गोष्टी कळल्या की दिवस आपोआप आखला जातो. बाकी हवं तिथे लोळा.

लाटांकित
काका, हे आवडलं. म्हणजे शीट आहे, पण ती आमच्या मित्राने केलेली नाही.

चिंचोका
भाबडा प्रश्न : आम्ही पौर्णिमेच्या आसपास गेलो तर चांगलं की वाईट?

दर्यावर्दी_निवृत्त
अमावास्या-पौर्णिमेला उधाण. भरती जास्त चढते, पण ओहोटीही जास्त उतरते, म्हणजे डबकी आणि दांडे बघायला उत्तम. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, तेव्हा पाणी फारसं हलत नाही.

मात्र ओहोटीला दांड्यावर गेलात तर परत कधी फिरायचं हे आधीच ठरवा. पाणी एकसारख्या वेगाने चढत नाही. ओहोटी ते भरती या सहा तासांतल्या मधल्या दोन तासांत जवळपास निम्मं पाणी चढतं. पहिल्या तासात जेमतेम बाराव्या भागाइतकं येतं, म्हणून माणसं "अजून कुठे काय" म्हणत बसून राहतात.

अवांतर : हे सगळीकडे सारखं नसतं. कॅरिबियनमध्ये बऱ्याच ठिकाणी पाणी अर्धा मीटरही हलत नाही. ताहितीत तर भरती रोज दुपारी बारा आणि मध्यरात्रीच्याच सुमाराला येते, कारण तिथे चंद्राचा जोर अगदी क्षीण आणि सूर्याचाच चालतो. ताहितीकरांना पंचांग बघायला नको.

डॉ_कुणीतरी
सगळे पाण्याबद्दल बोलताहेत, उन्हाबद्दल कोणीच नाही. उष्णकटिबंधात दुपारचा सूर्य जवळपास डोक्यावर असतो. अतिनील निर्देशांक, म्हणजे उन्हातल्या अतिनील किरणांच्या तीव्रतेचा आकडा, ११ किंवा त्याच्या वर गेला की जागतिक आरोग्य संघटना त्याला सर्वांत वरच्या श्रेणीत टाकते आणि तिकडे हा आकडा नेहमीचा आहे. तुमची सावली तुमच्या उंचीपेक्षा आखूड झाली की सावलीत जायचं. एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे, यंत्र नको.

लोक फसतात ते तीन ठिकाणी.

ढग. ढगाळ म्हणून शर्ट काढून फिरतात. पातळ ढगांतून अतिनील किरणं येतच राहतात.

छत्री. छत्रीखाली बसलं म्हणजे सुटलो असं नाही. कोरडी वाळू सुमारे १५ टक्के आणि समुद्राचा फेस सुमारे २५ टक्के अतिनील किरणं परतवतो. खालून भाजतं.

पाणी. अर्धा मीटर पाण्याखालीसुद्धा वरच्या ४० टक्के अतिनील असतात. तोंड खाली घालून तासभर मासे बघणाऱ्यांची पाठ, मानेची मागची बाजू आणि पोटऱ्या भाजतात. थंड पाण्यात ते कळतही नाही. रात्री कळतं, पाठीवर झोपताना.

दर दोन तासांनी आणि पाण्यातून आलं की पुन्हा लोशन. किंवा सरळ लांब बाह्यांचा पोहण्याचा शर्ट. मी दुसऱ्या पक्षाचा.

टोपीवाला
डॉक्टरसाहेबांच्या दुसऱ्या पक्षात मीही, पण कारण वेगळं. ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट ही दोन रसायनं असलेल्या लोशनच्या विक्रीवर हवाईने २०१८ मध्ये कायदा करून १ जानेवारी २०२१ पासून बंदी घातली. पॅसिफिकमधल्या पलाऊ या देशाने त्याच्याही आधी, १ जानेवारी २०२० पासून, अशी बरीच रसायनं बंद केली. कारण प्रवाळ. खऱ्या समुद्रात लोशनमुळे नेमकं किती नुकसान होतं यावर वाद आहे आणि पाणी तापल्याने होणारी हानी त्याहून कितीतरी मोठी आहे, हे मान्य. पण शर्ट घातला की लोशन निम्म्याहून कमी लागतं आणि वादच मिटतो. जिंक ऑक्साइडवालं लावलं तर तोंड पांढरं होतं, फोटो भुतासारखे येतात. चालवून घ्या.

उगाच
मित्रांचे फोटो तसेही भुतासारखेच येतात.

पाणभीरू
मला पोहता येत नाही. दर वेळी गटात माझं एकच काम असतं : सामानाची राखण. सगळ्यांच्या चपला, फोन, पाकिटं माझ्याभोवती आणि मी मध्ये, गावजत्रेतल्या चप्पलस्टँडवाल्यासारखा. लाटांकित, तुमच्या सहा जणांत असा एक नक्की असेल. त्याला विचारा निवांत दिवस म्हणजे काय.

खारेवारे
पाणभीरू, हा प्रतिसाद फ्रेम करून लावायला हवा. लाटांकित, लिहून घ्या : सामान पाळीपाळीने. आणि मौल्यवान गोष्टी खोलीतच ठेवल्या तर राखायला उरतं काय, चार टॉवेल?

जलपरी_नाही
पाणभीरू, पोहता न येणाऱ्याला ओहोटीचा किनारा सगळ्यात भारी. घोटाभर पाण्यात तासन्‌तास जातात. मी पोहते, तरी माझा निम्मा वेळ तिथेच जातो.

शंखात राहणारे खेकडे बघा. खेकडा वाढला की त्याला मोठा शंख लागतो. एखादा मोठा रिकामा शंख वाळूवर आला की खेकडे जमतात, लहान-मोठे क्रमाने रांग लावतात, आणि सगळ्यात मोठा नव्या घरात शिरला की त्याच्या सोडलेल्या घरात पुढचा, त्याच्यात त्याच्या पुढचा. दोन मिनिटांत अख्ख्या रांगेचं स्थलांतर. म्हणूनच रिकामे शंख उचलून आणू नका, कुणाचं तरी घर हुकतं. शिवाय पुष्कळ देशांत शंख, प्रवाळ, वाळूसुद्धा बाहेर नेणं हा गुन्हा आहे. कॅरिबियनमधला तो मोठा गुलाबी तोंडाचा क्वीन काँक तर १९९२ पासून साइट्स या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहे.

चालताना पाय उचलून टाकण्यापेक्षा वाळूत घासत चाला. पाकट (स्टिंग-रे, चपटा मासा) वाळूखाली दबून बसलेली असते, पाय घासल्याची चाहूल लागली की निघून जाते. नेमका तिच्यावर पाय पडला तर शेपटीचा काटा मारते. मारलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवायचा आणि दवाखाना गाठायचा.

उगाच
आणि जेलीफिशला ते... ते दुसरं गरम पाणी?

डॉ_कुणीतरी
नाही. ती अफवा आहे, मित्रांवर प्रयोग करू नका. अतिविषारी बॉक्स जेलीफिशच्या प्रदेशात किनाऱ्यावर व्हिनेगरच्या बाटल्या ठेवलेल्या असतात, त्या वापरा आणि मदत बोलवा.

सुस्तमगर
मी झोपून राहणार होतो, तो निर्णय दर प्रतिसादागणिक पक्का होतोय.

वाळूचा_कण
सुस्तमगर, ज्यावर झोपणार आहात त्याबद्दल ऐका. उष्णकटिबंधातली ती पांढरीशुभ्र वाळू पुष्कळ ठिकाणी पोपटमाशाची कृपा असते. हा मासा चोचीसारख्या दातांनी मेलेल्या प्रवाळावरचं शेवाळ खरवडतो, सोबत प्रवाळाचे तुकडे जातात, घशातले दात त्यांचं पीठ करतात आणि मागच्या बाजूने वाळू बाहेर पडते. मालदीवमधल्या वक्कारू बेटाभोवती २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नव्या तयार होणाऱ्या वाळूचा ८५ टक्क्यांहून जास्त वाटा एकट्या पोपटमाशांचा निघाला.

पांढरी वाळू ऊन परतवते, म्हणून तिच्यावर अनवाणी चालता येतं. ज्वालामुखीच्या बेटांवरची काळी वाळू दुपारी तळपाय भाजते. हवाईतल्या पुनालुउचा किनारा तसा काळा, त्याच बेटावरच्या पापाकोलेआचा हिरवट, कारण त्यात ऑलिव्हिन नावाचं खनिज आहे. बहामातल्या हार्बर आयलंडची वाळू गुलाबी, ती फोरामिनिफेरा नावाच्या सूक्ष्म जिवांच्या तांबड्या कवचांमुळे. भिंग घेऊन जा. तासभर कसा गेला कळणार नाही.

उगाच
थांबा. लोक हजारो मैल उडत जाऊन माशाच्या शौचावर टॉवेल अंथरून झोपतात आणि त्याचे फोटो टाकतात?

वाळूचा_कण
पैसे देऊन.

चिंचोका
हसून हसून पुरेवाट. धाग्याचं शीर्षक बदला.

हक्काचा_किनारा
लाटांकितनी 'रिसॉर्टच्या आजूबाजूचा किनारा' असं लिहिलंय म्हणून एक मुद्दा. रिसॉर्टसमोरचा किनारा रिसॉर्टच्या मालकीचा असतो असं धरून लोक दोन पाट्यांच्या मधेच दिवस काढतात. खुर्च्या त्यांच्या, वाळू नाही. हवाईत लाटा जिथवर पोहोचतात तिथपर्यंतचा किनारा सार्वजनिक आहे. मेक्सिकोत भरतीच्या रेषेपासून २० मीटरची पट्टी केंद्र सरकारची. सगळ्याच देशांत असं नाही, एकेक अख्खं बेट भाडेपट्ट्यावर दिलेलंही असतं, म्हणून विचारून घ्या. पण जिथे मुभा आहे तिथे पाटी ओलांडून चालत राहा. रिसॉर्टची कुंपणं संपली की खरा किनारा सुरू होतो : न झाडलेला, वाहून आलेल्या लाकडांचा.

खारेवारे
न झाडलेला म्हणजे समुद्री शेवाळाच्या ढिगांचाही. २०११ पासून कॅरिबियन बाजूला सरगॅसमचे लोंढे येतात, कुजलं की अंड्यासारखा वास. ब्रोशरमधल्या फोटोत ते कधीच नसतं.

टोपीवाला
आणि 'न सापडलेला किनारा' शोधायच्या नादात गर्दीत भर घालू नका. थायलंडमधला माया बे जून २०१८ मध्ये बंद करावा लागला आणि थेट जानेवारी २०२२ मध्ये उघडला. फिलिपिन्सचं बोराकाय अख्खं बेट २६ एप्रिल २०१८ पासून सहा महिने बंद होतं. दोन्ही एकेकाळी कुणाचे तरी 'आपल्यालाच माहीत असलेले' किनारे होते.

हक्काचा_किनारा
टोपीवाला, पाटी ओलांडून पायी चालणं आणि शेकडो बोटींनी नांगर टाकणं यात फरक आहे हो. पर्यटक एकाच ठिकाणी कोंबल्यामुळेच ते झालं. पांगले असते तर नसतं झालं.

टोपीवाला
पांगले असते तर दहा ठिकाणी झालं असतं. जाऊ दे, यावर वेगळा धागा काढा.

उगाच
नारळाच्या झाडाखाली झोपू नका हे अजून कोणी कसं लिहिलं नाही? नारळ डोक्यात पडून दरवर्षी १५० माणसं मरतात म्हणे. शार्कपेक्षा जास्त.

डॉ_कुणीतरी
तो आकडा बिनबुडाचा आहे, फिरत राहतो इतकंच. पण नारळ पडून लोक जखमी होतात हे खरं. पीटर बार्स या डॉक्टरांनी पापुआ न्यू गिनीतल्या रुग्णांवर 'पडत्या नारळांमुळे होणाऱ्या इजा' असा निबंध १९८४ मध्ये प्रसिद्ध केला. त्याला २००१ चं इग नोबेल (आधी हसवणाऱ्या, मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं गमतीदार पारितोषिक) मिळालं. हसू येतं, पण २५ मीटर उंचीवरून किलो-दोन किलोचं फळ येतं तेव्हा खाली असणाऱ्याला येत नाही. मान वर करून बघा, मग टॉवेल अंथरा.

जाता जाता, कॅरिबियन आणि फ्लोरिडाच्या बाजूला मँचिनील नावाचं झाड असतं. दिसायला सुंदर, लहान हिरवट सफरचंदासारखी फळं. फळ खायचं नाहीच, पण पावसात त्याच्या खाली उभंही राहायचं नाही, कारण ओघळणाऱ्या पाण्यातल्या चिकाने फोड येतात. बऱ्याच ठिकाणी खोडावर लाल पट्टा मारून ठेवतात.

सुस्तमगर
वाळू माशाची, सावली नारळाची, पाऊस विषारी. मी खोलीत एसी लावून झोपतो.

जलपरी_नाही
सुस्तमगर, घाबरू नका. यातलं काहीच रोज घडत नाही. रोज घडतं ते एकच आणि ते कुणी लिहिलं नाही : रिप करंट.

लाटा फुटतात त्या पांढऱ्या पट्ट्यात मध्येच एक शांत, गडद, फेस नसलेली वाट दिसते. नवखी माणसं नेमकी तिथेच उतरतात, कारण तिथे लाट अंगावर येत नाही. ती पाण्याची समुद्राकडे परत जायची वाट असते. ती तळाला खेचत नाही, आत नेते. माणूस बुडतो तो सरळ किनाऱ्याकडे पोहत दमल्यामुळे. अडकलात तर तरंगा, हात वर करा, जमेल तसं किनाऱ्याला समांतर पोहून बाजूला व्हा आणि मग लाटांबरोबर परत या. आणि वाचवायला हातात तरंगणारं काही नसताना कोणी उडी मारू नये. मित्र असला की नेमकं हेच सुचत नाही.

झेंडे बघा. बऱ्याच देशांत लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधला भाग जीवरक्षकांच्या नजरेखालचा, लाल म्हणजे धोका, दोन लाल म्हणजे पाणी बंद, जांभळा म्हणजे जेलीफिशसारखे त्रासदायक जीव. पोटात दारू असेल तर झेंडा कुठलाही असो, पाणी बंद.

दर्यावर्दी_निवृत्त
जलपरी, शेवटच्या वाक्याला सलाम.

एक्सेलसम्राट
नमस्कार. मी तो शीटवाला. धाग्याची लिंक आमच्या ग्रुपवर लाटांकितनेच टाकली, बहुतेक माझी जिरवायला.

आता माझी बाजू. गेल्या खेपेला 'बघू तिथे गेल्यावर' या तत्त्वाने आम्ही अख्खी सकाळ नाश्त्याच्या टेबलावर घालवली आणि प्रवाळ बघायला पोहोचलो तेव्हा पाणी ढवळलं होतं. सकाळ म्हणजे काय असते हे आमच्यातल्या काहींना ऐकूनच माहीत आहे. त्यांना उठवायला शीट लागते. वेळेचे रकाने नसते तर हा धागाही निघाला नसता आणि काकांचं भरतीचं गणितही मला कळलं नसतं. शीटचा दुसरा मसुदा पाठवला आहे. भरतीची वेळ, सूर्यास्ताची वेळ, सामान कोण राखणार त्याची पाळी. बाकीचे रकाने पुसले.

पाणभीरू
सामानाच्या पाळीचा रकाना! एक्सेलसम्राट, तुम्ही माझे नेते.

उगाच
एक्सेलसम्राट आल्यामुळे धाग्यात रंगत आली असती, पण ते मुद्देसूद बोलले. निषेध.

लाटांकित
परत आलो. दोन-तीन जणांनी व्यक्तिगत निरोप पाठवून विचारलं म्हणून लिहितोय.

ओहोटी सकाळी साडेनवाच्या सुमाराला होती, त्यामुळे उठवण्याचा वाद झालाच नाही. चौघं आठला निघालो, दोघं झोपले होते, त्यांना झोपू दिलं. रिसॉर्टची पाटी ओलांडली, टोकाचा खडक ओलांडला आणि पलीकडे वाळूचा लांब दांडा उघडा पडलेला. त्याच्या दोन्ही बाजूंना गुडघाभर पाणी, इतकं नितळ की आपलीच सावली तळाशी चालताना दिसत होती. पाय घासत चाललो. एक पाकट खरंच उडाली, टॉवेल झटकावा तशी वाळू उडवत. त्यानंतर सगळ्यांनी इतके मन लावून पाय घासले की लांबून आम्ही स्केटिंग करतोय असं वाटलं असावं.

शंखखेकड्यांची रांग दिसली नाही. खेकडे शेकडो दिसले, पण सगळे आपापल्या घरात समाधानी. आमचा पोहता न येणारा मित्र एका डबक्यापाशी बसला तो तासभर उठेना. त्यात एक छोटा ऑक्टोपस होता, दगडाच्या फटीतून एक डोळा काढून बघणारा. दोघं एकमेकांकडे बघत बसले होते. बाकी तिघं प्रवाळाच्या कडेला पोहलो. मास्क लावून खाली मान घातली की पोपटमाशांचा आवाज ऐकू येतो, दगड कुरतडल्यासारखा कर्रकर्र. हे इथे कोणी सांगितलं नव्हतं! वाळू तयार होताना ऐकली म्हणायची.

साडेदहाला परत फिरलो, कारण ते मधले दोन तास. खडकाशी आलो तोवर जाताना कोरडी असलेली जागा पोटरीपर्यंत भरली होती.

दुपारी कोणी काही केलं नाही. पाऊस आला, अर्धा तास धो धो, गेला. खरं सांगायचं तर दिवसातला सगळ्यात छान भाग तोच. व्हरांड्यात सहा जण आणि कोणालाच कुठे जायचं नाही. इतक्या वर्षांत न झालेल्या गप्पा झाल्या आणि एक जुनं भांडण पुन्हा उकरून नीट भांडून झालं.

चारनंतर खारफुटीच्या बाजूला गेलो. चिखलात निवटे उड्या मारत होते, मासा असून जमिनीवर चालणारे. सूर्यास्त पाहिला, सूर्य बुडताना शेवटच्या क्षणी कधीकधी दिसते ती हिरवी चमक काही दिसली नाही. काळोख खरंच भसकन पडला, टॉर्च होता म्हणून बरं.

खारेवारे
वा! आणि गॉगल?

एक्सेलसम्राट
डोक्यावर होता.

दर्यावर्दी_निवृत्त
हिरवी चमक दिसायला क्षितिज स्वच्छ आणि ढगरहित हवं. पाऊस झाल्या दिवशी क्षितिजावर ढगांची पट्टी राहतेच बहुधा. आणि सूर्य जवळजवळ बुडेपर्यंत त्याच्याकडे टक लावून बघू नये. अगदी शेवटची कडा उरली की बघायचं, सेकंद-दोन सेकंदांचा खेळ असतो.

चिंचोका
मस्त वृत्तान्त. एक राहिलंच : मला जाड चष्मा आहे. मास्कच्या आत चष्मा बसत नाही. मग पोपटमासे फक्त ऐकायचेच का?

जलपरी_नाही
नंबरच्या काचांचे मास्क मिळतात. डाइव्हिंगच्या दुकानांत भाड्यानेही ठेवतात, दोन्ही डोळ्यांना जवळचा नंबर बघून घ्यायचा. कॉन्टॅक्ट लेन्स घालून जात असाल तर एक दिवस वापरून फेकायच्या घाला आणि पाण्यातून आलं की टाकून द्या, समुद्राचं पाणी लागलेली लेन्स पुन्हा डोळ्यात नको. नंबर कमी असेल तर काहीच नको, कारण मास्कमधून पाण्याखालच्या गोष्टी तशाही साधारण एक तृतीयांश मोठ्या आणि जवळ दिसतात.

सुस्तमगर
एक तृतीयांश मोठ्या? आमच्या गटातल्या एकाने परवा दोन्ही हात पसरून सांगितलेला तो मासा आता निदान कोपरापर्यंत तरी आणता येईल.